फुफाटा

पोर्ट ऑगस्टाच्या लिलावात ती सत्तावीस नंबरची वस्तू होती.
इसुझू, फोर व्हील ड्राइव्ह, सन सत्त्याण्णव,
अग्निशमन दलातून निवृत्त.
माझ्याखेरीज एकच माणूस बोली लावत होता,
त्याला नुसता गिअरबॉक्स हवा होता.
मी बत्तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त.
म्हटलं, जमेल आपलं.

आठ महिने लागले.
क्लेमने, बहिणीच्या नवऱ्याने, मागची टाकी कापून काढली,
तिच्या जागी खोली चढवली, दोन पावलं रुंद.
भंगारातल्या कॅरव्हॅनचं सिंक. छपरावर चार सोलर पॅनल.
पलंगाखाली दोन बॅटऱ्या,
गाढवांसारख्या जड आणि तितक्याच अबोल.
पैसा पाण्यासारखा गेला.
आता पाणी पैशासारखं मोजते:
एकशेऐंशी लिटर.
दातांना अर्धा कप,
भांड्यांना मूठभर वाळू, मग ओला फडका.

रंग पांढरा दिला, तीन हात.
तरी जिथे म्हणून खरचटतं,
मल्गाची फांदी घासते, रानशेळी शिंग लावते,
तिथून लाल डोकावतो.
क्लेम म्हणतो, प्रायमर चुकला.
असेल.
आगीतून निघाली आणि फुफाट्यात आली बिचारी,
खऱ्याखुऱ्या फुफाट्यात,
जो फिल्टरमध्ये बसतो, साखरेत बसतो,
उशीवर रोज डोक्याच्या आकाराची एक जागा सोडून
बाकी सगळीकडे.

ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या झडपेमागे
बॉलपेनने लिहिलेली पाच नावं आहेत.
डग, इव्हॉन, रॉस, मर्व्ह, छोटा केल्विन.
पुसायला थिनर काढलं होतं.
झाकण परत लावून ठेवलं.

क्वॉर्नच्या पेट्रोल पंपावर एक म्हातारा
खिशात हात घालून गाडीभोवती दोन फेऱ्या फिरला.
मला वाटलं, किंमत विचारेल. सगळे विचारतात.
उजव्या मडगार्डावरच्या पोच्यावर त्याने तळहात ठेवला,
तो तिथे बरोब्बर बसला.
'हा माझा,' म्हणाला.
'रात्री, रिव्हर्समध्ये. धुरात झाड दिसत नाही,
झाडाचा आवाज येतो फक्त.'

'तुम्ही मर्व्ह का?'
'रॉस.'
मग मर्व्ह पर्थला मुलीकडे असतो,
डगचे गुडघे गेले,
इव्हॉनने दुसरं लग्न केलं, चांगला माणूस आहे,
एवढं सगळं सांगितलं त्याने, न विचारता.
पाचव्याचं सांगितलं नाही.
मीही नाही विचारलं.

मागचं दार उघडून दाखवलं.
शेगडी, पुस्तकं, जर्दाळूची बरणी, माझी निळी गोधडी.
तो पायरीपर्यंत आला, वर चढला नाही.
'कॉफीचा वास येतोय,'
तक्रार केल्यासारखं बोलला.
मग, 'पाणी किती मावतं?'
'एकशेऐंशी,' मी जरा ऐटीतच म्हटलं.

'तीन हजार होतं,' तो म्हणाला.
नळी परत हुकावर अडकवली. टोपी सारखी केली.
'पुरलं नाही.'

जाता जाता खिडकीशी येऊन दोन गोष्टी सांगितल्या.
थंडीत दुसरा गिअर रुसतो, ढकलायचा नाही, थांबायचं.
आणि मुक्कामाला गाडी लावताना
नाक नेहमी बाहेरच्या रस्त्याकडे.

संध्याकाळी मिठागाराच्या काठाला लागले.
क्षितिजापर्यंत पांढरं, वर अर्धा चंद्र,
अशा जागेसाठीच तर घेतली होती ही गाडी.
समोरची काच तळ्याकडे करून लावली, नेहमीसारखी.
चहाचं पाणी ठेवलं.
ते उकळायच्या आत गॅस बंद केला,
पुढे जाऊन बसले, गाडी सुरू केली.
चार वेळा मागेपुढे करावं लागलं, वाळू मऊ होती.

आता सगळं तळं मागच्या छोट्या खिडकीत मावलंय,
त्यावर माझं तोंड, हातात कप.
समोर मी आले तो रस्ता,
माझ्याच चाकांच्या खुणा.
किल्ली काढली नाही.